पडद्याकडे पाठ करून बसलेले परीक्षक

नाटकाचा निकाल नुसत्या कानांनी लावलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. घरचे म्हणतात, आता तुझं वय झालं, सोड तो विषय. सोडता आला असता तर केव्हाच सोडला असता. मी काही हौसेनं धरून बसलेली नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठी कचेरी नागपूरला, कापूस मुंबईला, आणि आम्ही पोरी अकोल्याला मुलींच्या मराठी शाळेत सातवीत. सातवी म्हणजे आमच्यासाठी सगळ्याचा शेवट. त्यापुढे मुलीला एकच वाट होती, ती अमरावतीच्या नॉर्मल स्कूलची, म्हणजे मास्तरीण होण्याच्या शिक्षणाची. तिथं बोर्डिंगात राहावं लागे. आपली पोरगी दुसऱ्या गावी बोर्डिंगात ठेवायची म्हटलं की बहुतेक घरांत बोलणं तिथंच संपायचं.

माझ्या शेजारी जी बसायची तिच्या घरी नदीकाठी भाजीची वाडी होती. वांगी, भेंडी, मिरची, बांधाच्या कडेनं झेंडू आणि शेवंती. पहाटे भाजी बाजारात पोचवायला हातभार लावून मग ती शाळेत यायची, त्यामुळे तिच्या हाताला कायम कोथिंबिरीचा वास. बोलायची अगदी कमी. बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर द्यायची, पण इतक्या हळू की मलाच मोठ्यानं परत सांगावं लागे. माझं मात्र उलटं. आम्ही जठारपेठेत राहायचो, माझे वडील कचेरीत कारकून होते, आणि आमची आई म्हणायची की ही घरात बोलली की कचेरीत साहेबाला ऐकू जातं.

पण त्या मुक्या पोरीत एक गंमत होती. बाईंची पाठ वळली की ती एक शब्दही न बोलता कोणाचीही नक्कल करायची. शाळा तपासायला येणारे साहेब खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची कशी बोटानं पुसून पाहतात, ते ती नुसतं बोट आणि एक भुवई हलवून दाखवायची. वर्ग हसून लोळायचा, शिक्षा मात्र मला व्हायची, कारण हसण्याचा मोठा आवाज माझा. एकदा तिनं तिच्या मेलेल्या आजीची नक्कल केली. म्हातारी सुईत दोरा ओवतेय, एवढंच. आधी आम्ही हसलो, मग कोणालाच हसू येईना. मी घरी जाऊन उगाच रडले होते. आईनं विचारलं तर कारण सांगता येईना.

तिच्या बापाची तिच्यावर फार माया होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक त्याला नावं ठेवतात. काळा सदरा, खांद्यावर पंचा, आणि पोरीला शाळेत सोडायला आला की फाटकाबाहेरच उभा राहणार. त्याच्या भावकीत पोरीला सातवीपर्यंत शिकवणं हाच मोठा चेष्टेचा विषय झाला होता. मूर्तिजापूरकडचं एक स्थळ सांगून आलेलं होतं. घर चांगलं, काळीची जमीन, मुलगा निर्व्यसनी. नाही म्हणायला काही कारण हवं ना! आमच्या बाईंनी त्याला शाळेत बोलावून घेतलं आणि हिला नॉर्मलला पाठवा म्हणून गळ घातली. तो बराच वेळ पंचा हातात पिळत राहिला. मग म्हणाला, "बाई, मी एकटा किती भांडू? अमरावतीच्या मोठ्या लोकाईनं पोरीचं नाव घेतलं, तर मी भावकीपुढं उभा राहीन. नाई तं मले तोंड नाई."

अमरावतीच्या मोठ्या लोकांनी नाव घेण्याची संधी त्याच हिवाळ्यात येणार होती. तिथल्या एका मुलींच्या शाळेनं वऱ्हाडातल्या मुलींच्या शाळांच्या नाट्यस्पर्धा ठेवल्या होत्या. शाळेला ढाल आणि उत्तम काम करणाऱ्या एका मुलीला पदक. बाईंनी त्या दिवशीच ठरवलं की हे पदक तिला मिळवून द्यायचं. आम्हाला त्यांनी तसं उघड सांगितलं नाही, पण आम्ही काय दुधखुळ्या होतो? वर्गातल्या सगळ्या जणींना माहीत होतं की तिचं नॉर्मलला जाणं त्या पदकावर आहे.

नाटक बाईंनी स्वतः लिहिलं. एका राणीचं बाळ आजारी पडतं. राणी देवीपुढे मौनव्रत घेते. रात्रभर ओठांत तुळशीचं पान धरायचं आणि सूर्य उगवेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, काढलं तर बाळ जाईल. हे व्रत तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसतं. त्याच रात्री नणंद तिच्यावर चोरीचा आळ घेते, राजा पुन्हा पुन्हा विचारतो, खुलासा कर, आणि राणीला बोलता येत नाही. बाईंची हुशारी अशी की व्रत घेण्याचा पहिला प्रवेश त्यांनी पूर्ण मुका ठेवला. देऊळ, राणी, तुळशीचं पान, बाळाची झोळी. एक शब्द नाही. पुढेही राणीला सबंध नाटकात एक वाक्य नाही.

मला राणी व्हायचं होतं. मुकुट होता ना! मी बाईंकडे तोंड फुगवून गेले, तर बाई म्हणाल्या, तुला गप्प बसता येणार आहे का? मग मला नणंद केलं. तालमी सुरू झाल्या आणि माझा रुसवा आपोआप गेला, कारण तिच्यासमोर उभं राहून आळ घेताना माझ्याच अंगावर काटा यायचा. मी ओरडायची आणि ती माझ्याकडे अशी पाहायची की पुढचं वाक्य म्हणायचं जिवावर येई.

आगगाडीनं बडनेऱ्याला उतरून, गाडी बदलून आम्ही अमरावतीला पोचलो. बरोबर बाई, माझी आई, आणि तिचा बाप. भाकऱ्यांचं गाठोडं आणि आमच्या राजाच्या मिशा त्याच्याचकडे होत्या. पोचतो तर शाळेत सगळा गोंधळ. परीक्षक म्हणून नागपूरहून दोन शिकलेल्या बायका यायच्या होत्या, एक डॉक्टरीण आणि एक हेडमिस्ट्रेस. म्हणूनच आयांनी आपापल्या पोरींना रंगमंचावर उभं राहू दिलं होतं, पाहायलाही फक्त बायकाच येणार होत्या. डॉक्टरीणबाई तापानं आजारी पडल्या आणि दुसऱ्या बाई एकट्या प्रवास करेनात. सगळ्या नाटकांच्या प्रती त्यांच्याकडे आधीच धाडलेल्या, त्याही नागपूरलाच राहिल्या.

मग स्पर्धा भरवणाऱ्यांनी धावपळ करून गावातले तीन गृहस्थ आणले. एक नामांकित वकील, एक डॉक्टर, एक पेन्शनीत निघालेले हेडमास्तर. तिघेही नाटकाचे दर्दी, तिघेही सज्जन. पण पुरुष म्हटल्यावर बायका उठल्याच. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी, त्यातल्या काहींची लग्नं ठरलेली, परक्या पुरुषांपुढे नाचवायच्या का? दोन शाळांच्या आयांनी पोरींच्या वेण्या सोडायला घेतल्या. आमच्या बाई म्हणाल्या, इथं एवढ्या बायका बसणार आहेत, त्यांतल्याच चौघी जाणत्या निवडा, त्यांना करू द्या परीक्षण. तर त्या शाळेचे एक कमिटीवाले फाटकातूनच म्हणाले की बायकांचा निकाल उद्या मानणार कोण? झालं. तो विषय तिथंच मिटला.

अखेर तोड निघाली ती अशी. सभागृहाला लागून एक वर्ग होता, त्याच्या दारावर बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा सोडायचा, आणि परीक्षकांनी पलीकडे बसायचं. आता चिकाच्या पडद्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, अंधाराच्या बाजूनं उजेडाची बाजू दिसते. तेवढ्यासाठीच तर तो लावतात. आयांनी लगेच हा मुद्दा काढला. तेव्हा वकीलसाहेबांनी आतून निरोप पाठवला की मातांनी निर्धास्त असावं, आम्ही खुर्च्या फिरवून पडद्याकडे पाठ करून बसतो. आणि खरंच बसले हो! मी कडेनं डोकावून पाहिलं. तीन पागोटी-टोप्या, समोर फळा, फळ्यावर कोणत्या तरी वर्गाचं भागाकाराचं गणित. तिघे त्या गणिताकडे तोंड करून बसले होते. त्यांतल्या एकानंही मान वळवली नाही, हे मी शपथेवर सांगेन. वळवली असती तर किती बरं झालं असतं.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मुकं नाटक आणि पाठमोरे परीक्षक! त्या धावत गेल्या आणि म्हणाल्या, मला आमच्या नाटकाबद्दल परीक्षकांना दोन शब्द सांगू द्या. तर नियम पुढे आला. निकालाआधी कोणत्याही शाळेनं परीक्षकांशी बोलायचं नाही. नियम बरोबरच होता. त्या दिवशी सगळंच बरोबर होतं, हीच तर आग लागण्यासारखी गोष्ट.

पुरुष मंडळी शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली थांबली, तिचा बापही तिथंच गाठोडं घेऊन बसला. खिडक्या बंद केल्या. आमचा नंबर आला.

मी पुष्कळ नाटकं पाहिली त्यानंतर. मुंबई-पुण्याच्या नामांकित कंपन्यांची पाहिली. पण त्या दुपारी तिनं जे केलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही, आणि हे मी मैत्रीण म्हणून बोलत नाही. मी चोरीचा आळ घेतला, राजानं विचारलं, हे खरं का? तिनं पटकन तोंड उघडलं आणि ओठांतलं पान घसरलं. ते तिनं हातानं सावरलं नाही, ओठांनीच परत धरलं. तेवढ्यात तिची नजर झोळीकडे गेली, आणि तिचे दोन्ही हात असे खाली आले, जणू ते हात तिचे नाहीतच. राजानं परत विचारलं. ती राजाकडे पाहत राहिली. मग झोळीशी गेली आणि बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागली. आधीच सारखं असलेलं पांघरूण ती पुन्हा पुन्हा सारखं करत होती. सभागृहात हुंदके ऐकू यायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईला राहवलं नाही, तिनं मोठ्यानं म्हटलं, "बोल व माय, बोल ना एकदाची!" मागून आणखी दोघीतिघी तसंच म्हणाल्या. मला माझं पुढचं वाक्य आठवेना, कारण मीच रडत होते. कसंबसं म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. शेवटी सूर्य उगवला, तिनं पान काढून हातात घेतलं, बोलायला तोंड उघडलं, आणि पडदा पडला.

आतल्या पुरुषांना काय ऐकू गेलं असेल, याचा विचार मी नंतर किती तरी वेळा केला. एक पोरगी खणखणीत ओरडतेय, एक पोरगी राजा म्हणून विचारतेय, आणि जिनं उत्तर द्यायचं तिचा पत्ताच नाही. मग बायका कळवळून म्हणताहेत, बोल माय, बोल. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही तेच वाटलं असतं जे त्यांना वाटलं.

निकाल आवारात झाला, कडुनिंबाखाली, बाप मंडळींसमोर. आम्ही मुली वेष उतरवून आयांच्या आडून उभ्या राहिलो. वकीलसाहेब बोलायला फार गोड. प्रत्येक शाळेबद्दल त्यांनी काही ना काही चांगलं सांगितलं. ढाल अमरावतीच्याच एका शाळेला. मग पदक. पदक मला! आवाज स्वच्छ, शब्दोच्चार निर्दोष, शेवटाकडे कंठ दाटून आल्याचा परिणाम विशेष साधला, असं म्हणाले. आणि मग आमच्या शाळेचंच बोलणं चाललंय म्हणून त्यांनी अगदी प्रेमानं पुढं जोडलं, "राणीचं काम करणाऱ्या मुलीनं खचून जाऊ नये. सभेत पाठ विसरणं मोठमोठ्यांचंही होतं. पुढच्या वेळी पाठांतराकडे लक्ष द्यावं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी आईच्या आडून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर बोलले की ती विसरली नाही, राणीचं मौन होतं, तिला बोलायचंच नव्हतं, विचारा या बायकांना. आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वण आठवडाभर होता. बाई पुढे झाल्या. त्यांनीही तेच सांगितलं, आणि म्हणाल्या की सभागृहातल्या कोणत्याही बाईला बोलावून विचारा. वकीलसाहेब क्षणभर गोंधळले, हे मी पाहिलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहून काही तरी हळूच म्हटलं. पण निकाल वाचून झाला होता. वकीलसाहेब म्हणाले की आम्ही तिघांनी जे प्रत्यक्ष ऐकलं त्यावरच निकाल देता येतो, दुसऱ्या कोणी पाहिलेलं आम्हाला पुराव्यात धरता येत नाही. वाईट वाटल्यासारखं म्हणाले. खरंच वाटलं असेल. बायकांत कुजबुज झाली, ती म्हातारी काही तरी पुटपुटली, आणि मग जिला तिला आपल्या घरच्या चुलीची आठवण झाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती परीक्षकांकडे पाहत नव्हती. ती बापाकडे पाहत होती. तो माणूस कडुनिंबाच्या पारावर बसलेला होता, आणि आजूबाजूच्या लोकांना कळलं होतं की विसरली ती याची पोरगी. एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजूतही घातली. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

परतीच्या गाडीत बाईंनी त्याला पुन्हा सगळं समजावून सांगितलं. मीही सांगितलं, आईनंही सांगितलं. तो ऐकत होता, हो हो म्हणत होता. मूर्तिजापूर मागे पडल्यावर तो माझ्याकडे वळून फक्त एवढंच म्हणाला, "तुहा आवाज बाहीर आयकू येत व्हता, माय. मी हिच्या आवाजाची वाट पाहून राहिलो व्हतो." त्यात टोमणा नव्हता. पोरीनं सगळ्यांना रडवलं हे त्याला आम्ही सांगत होतो, पण त्यानंही ते पाहिलं नव्हतं, आणि आमच्या तिघींच्या शब्दापेक्षा वकील-डॉक्टरांचा शब्द त्याच्या भावकीत जड होता. भांडायला त्याला जे हवं होतं ते मिळालं नाही. वैशाखात तिचं लग्न झालं. आम्ही सगळ्या जेवायला गेलो होतो. नॉर्मल स्कूलला मी गेले.

मास्तरीण झाले, बदल्या झाल्या, एकदा मेळघाटात धारणीकडेही काढली दोन वर्षं. तिची खबर अधूनमधून कळायची. मूर्तिजापूरकडे नांदते, घर चांगलं, नवरा चांगला. खोटं नव्हतं ते. बाई वारल्या तेव्हा ती आली होती, पण त्या गर्दीत धड बोलणं झालं नाही.

मग एकदा अकोल्याच्या बाजारात ती मला अचानक भेटली. माहेरी आली होती, बाप आजारी होता. बरोबर तिची धाकटी पोरगी, आमच्या त्या वेळच्या वयाची. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसून बोललो. तिनं मला सासूची गोष्ट सांगितली, आणि सांगताना सासू पदर कसा खोचते ते नुसतं दोन बोटांनी केलं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, तुझ्यासारखं काम मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. तर ती खरोखर चकित झाली. म्हणाली, मला बोलता येत नव्हतं म्हणूनच तर बाईंनी मला मुका पार्ट दिला होता. मी तिला सांगितलं की असं नाही, तो पार्ट दुसऱ्या कोणाला जमलाच नसता, बायका रडत होत्या, ती म्हातारी आठव. ती म्हणाली, कीव आली असेल त्यांना. इतकी वर्षं तिनं हेच धरलेलं होतं, आणि मी ते पायरीवर बसून कितीही बोलले तरी हलेना. उलट माझीच समजूत घातल्यासारखी माझ्या हातावर थोपटत राहिली.

पोरगी मध्येच म्हणाली की तिच्या शाळेत नाटक बसतंय, मास्तरणीनं तिला निवडलंय, पण आई नाही म्हणते. मी लगेच तिच्या आईकडे वळले. पाठव तिला, म्हटलं, आता तसं राहिलं नाही, परीक्षक समोर तोंड करून बसतात, मी स्वतः बसते. मी फार बोलले असेन, कारण दुकानदार बाहेर येऊन पाहून गेला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि पोरीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तू म्हणतं तं खरं असंन," ती म्हणाली. "पण माह्या बापाची मान खाली गेलेली मी पाह्यली. हिच्या बापाची मी नाई जाऊ देत."

ती उठली, पिशवी उचलली, आणि मायलेकी बाजाराच्या गर्दीतून वाडीच्या रस्त्याला लागल्या.